नदीकाठच्या जुन्या रानात मुक्काम करायचाय? तंबूचे शेवटी बघा

डिसेंबर जवळ आला की ओळखीपाळखीतली दोन-चार मंडळी हमखास विचारतात, ‘तंबू कुठला घ्यायचा?’ प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटचा आहे. गोव्यात जुने, घनदाट रान आणि वाहती नदी एकाच ठिकाणी हवी असेल, तर तुम्ही बहुतेक करून अभयारण्याच्या हद्दीत किंवा तिच्या काठावर असणार. तिथे आधी परवानगी, मग झोपायची जागा, मग नदीचा स्वभाव, मग अंगावरचे कपडे. हे सगळे जमले की तंबू. कित्येकदा तर तो लागतच नाही.

हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. एक रात्र, दोन दिवस, चार-पाच माणसे आणि त्यात एखादे दहा-बारा वर्षांचे मूल, असा बेत धरून चाललो आहे.

जुने रान नेमके कुठे उरले आहे

गोव्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या कुशीत अभयारण्यांची एक सलग माळच आहे. उत्तरेला सत्तरीत म्हादई, मध्ये भगवान महावीर आणि मोले राष्ट्रीय उद्यान, पुढे सांग्यात नेत्रावळी आणि दक्षिणेला काणकोणात खोतीगाव. म्हादई आणि नेत्रावळी १९९९ साली जाहीर झाली, खोतीगाव त्याच्या कितीतरी आधी, १९६८ साली. नकाशावर सगळे हिरवे दिसते म्हणून सगळे जुने मानायचे नाही. बरेच रान कुमेरी शेतीने (झाडे तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीने), लाकूडतोडीने किंवा खाणींनी एकदा उघडे पडून पुन्हा वाढलेले आहे. काही ठिकाणी तर काजू आणि अकेशियाच्या लागवडीलाच लोक जंगल म्हणतात.

खरे जुने रान दरीत, ओहोळाच्या कडेला आणि देवरायांत सापडते. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. भर दुपारी जमिनीवर उन्हाचे फक्त ठिपके पडतात. मोठ्या झाडांच्या बुंध्याला भिंतीसारखी उभी आधारमुळे फुटलेली असतात. गारंबीचा मांडीएवढा जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला असतो. पडलेले खोड कुणी उचलून नेलेले नसते, ते जागेवरच कुजत असते आणि त्यावर शेवाळ, बुरशी, छोटी रोपे यांचा संसार थाटलेला असतो. खाली झुडपांची गर्दी फारशी नसते, त्यामुळे असे रान आत शिरल्यावर उलट मोकळे वाटते. जिथे काटेरी झुडपांतून वाट काढावी लागते, ते रान बहुधा तरुण.

आता निवड. बोंडला हे छोटे अभयारण्य लहान मुलांना घेऊन दिवसभर फिरायला छान, पण नदीकाठचा मुक्काम हवा असेल तर ते उपयोगाचे नाही. मोल्याला जंगल उत्तम आहे, मात्र दूधसागरच्या जीपगाड्यांची गर्दी सोसायची तयारी हवी. (रेल्वेरुळावरून चालत दूधसागरला जायचे मनात असेल तर तो नाद सोडा. बंदी आहे, पोलीस कारवाई करतात आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा नसते.) म्हादई अभयारण्य मला सगळ्यांत प्रिय, पण नवख्याने मुक्कामाची सुरुवात तिथून करू नये. वाघाचा वावर असलेले ते रान आहे, वस्त्या दूरदूर, चढ-उतार जबर आणि नदीचा उगम कर्नाटकात, म्हणजे वर काय पाऊस पडतोय ते खाली बसून तुम्हाला कळत नाही.

पहिल्या खेपेला खोतीगावला जा, असे मी सांगेन. सुमारे ८६ चौरस किलोमीटरचे आटोपशीर अभयारण्य. तीस मीटरपर्यंत गेलेली उंच झाडे, आतून वाहणारी तळपण नदी आणि तिला मिळणारे ओहोळ, प्राणी बघायला बांधलेले मनोरे. आणि महत्त्वाचे म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ इतका जवळ, की कुणाची तब्येत बिघडली तर चावडी, म्हणजे काणकोणचे मुख्य गाव, गाठायला वेळ लागत नाही. नेत्रावळी हा दुसऱ्या खेपेचा बेत. तिथले बुडबुड्यांचे तळे मात्र येता-जाता कधीही बघून घ्या.

महिना

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. एवढेच.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा नदीकाठी मुक्काम म्हणजे जिवाशी खेळ. ऑक्टोबरात संध्याकाळचा गडगडाटी पाऊस असतो, वाटा निसरड्या आणि जळवा भरपूर. मार्चपासून ओहोळ आटू लागतात, पालापाचोळा कडकडीत वाळतो आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात ठिकठिकाणी वणवे लागले आणि ते विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली, हे अनेकांना आठवत असेल. अशा दिवसांत वनखाते पर्यटकांवर नजर ठेवते, आणि ठेवायलाच हवी.

नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा सोडून द्या. जागा मिळत नाही आणि मिळाली तरी शेजारच्या गटाचा स्पीकर ऐकत रात्र काढावी लागते.

परवानगी आणि झोपायची जागा

इथे बहुतेकांचे अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित असलेल्या जागेत, म्हणजे अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात, मनाला वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. प्रवेश दिवसाउजेडी, तिकीट काढून, ठरलेल्या रस्त्याने. दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचे. रात्री आत राहायचे तर वनखात्याने नेमून दिलेल्या जागीच. ‘आम्ही कुणाला त्रास देत नाही, नदीकाठी एका कोपऱ्यात पडून राहू’ हे आर्जव चालत नाही. शिवाय समाजमाध्यमांवर ‘म्हादईच्या जंगलात नाइट कॅम्प’ म्हणून जाहिराती करणारे सगळेच परवानगी काढून नेतात असे नाही. पैसे भरण्याआधी त्यांना परवान्याची प्रत मागा. टाळाटाळ केली तर पुढे बोलूच नका.

मग राहायचे कुठे? तीन मार्ग आहेत.

पहिला, वनखात्याची किंवा गोवा वन विकास महामंडळाची निवासव्यवस्था. खोतीगावला प्रवेशद्वाराजवळच कॉटेज आहेत. दर आणि उपलब्धता हंगामागणिक बदलते, म्हणून महिनाभर आधी फोन करून विचारा आणि आरक्षणाची पावती छापून सोबत ठेवा. आत मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

दुसरा, अभयारण्याच्या हद्दीबाहेर कुळागरातला मुक्काम. गोव्यात माड-पोफळीच्या कुळागरातून ओहोळ वाहतोच, आणि मागे लगेच रान सुरू होते. काणकोण, सांगे आणि सत्तरीत असे अनेक होमस्टे झाले आहेत. मालकाच्या परवानगीने त्याच्या जमिनीत तंबूही लावता येतो. माझ्या मते नवख्यांसाठी हाच सगळ्यांत चांगला पर्याय आहे. न्हाणीघर जवळ, सकाळी पेजेची वाटी हातात आणि रानाची वाट दाखवायला घरचाच माणूस.

तिसरा, अभ्यासगट किंवा शाळा-कॉलेजचा गट असेल तर वन्यजीव विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे लेखी अर्ज. अर्जात प्रत्येकाचे नाव, ओळखपत्राची प्रत, गाडीचा क्रमांक, तारखा, हेतू आणि जबाबदार माणसाचा फोन. अर्ज मोघम असेल तर तो टेबलावरच राहतो. ‘निसर्ग अनुभवणे’ लिहू नका, ‘पक्षीनिरीक्षण, दोन दिवस, खोतीगाव परिक्षेत्र’ असे लिहा.

म्हादई आणि लगतच्या अभयारण्यांत व्याघ्र प्रकल्प करण्याचा विषयही अधूनमधून तापतो. २०२३च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यामुळे गेल्या वर्षी मित्राला जिथे सोडले तिथे तुम्हालाही सोडतील असे धरून चालू नका. निघायच्या आठवड्यात परिक्षेत्र कार्यालयाला पुन्हा फोन कराच.

नदीचा अंदाज घ्या

तळपण ही उगमापासून मुखापर्यंत काणकोण तालुक्यातच वाहणारी छोटी नदी. छोट्या नदीचा स्वभाव एकच: झटकन चढते आणि झटकन उतरते. जानेवारीत काठावर उभे राहिलात तर पाणी घोट्याएवढे आणि इतके नितळ, की तळाचे गोटे मोजावेत. आता नजर वर न्या. काठावरच्या झुडपांच्या फांद्यांत, छातीच्या उंचीला किंवा त्याच्याही वर, वाळक्या काटक्यांची आणि पानांची मोळी अडकलेली दिसेल. सगळ्या काटक्यांची टोके एकाच दिशेला, प्रवाहाच्या अंगाला वळलेली. मध्ये एखादी चुरगळलेली वेफरची पिशवी, सुतळीचा तुकडा. पावसाळ्यात पाणी इथवर आले होते, त्याची ही पावती. झाडाच्या सालीवर मातकट रेघ असते, तीही बघा. झोपायची जागा या खुणेच्या वर हवी. हंगाम कोरडा असला तरी.

वाळूचा मऊ, सपाट पट्टा प्रत्येकाला भुरळ घालतो. तंबू तिथे नको, आणि त्याचे कारण फक्त पाणी नाही. रात्री सगळे रान पाण्यावर उतरते. सकाळी त्या वाळूवर गव्याचे पसाभर खूर, सांबराच्या दुहेरी खुणा, उदमांजराची नाजूक पावले असा सगळा बाजार उमटलेला असतो. ती वाट त्यांची आहे. काणकोणातले एक वयस्क काका पर्यटकांना दोन शब्दांत सांगतात, ‘थंय न्हिदूं नाकात.’ तिथे झोपू नका. दुसरे म्हणजे पहाटे दव आणि गारठा नदीच्या पात्रातच साठतो, कपडे ओलेचिंब होतात. पाण्यापासून साठ-सत्तर मीटर दूर, थोड्या चढावर, कोरड्या जागी राहा. आवाज तिथेही येतो.

धरणाच्या खालच्या अंगाला असाल तर आणखी एक चौकशी करायची. उदाहरणार्थ, केरीजवळच्या अंजुणे धरणातून पाणी सोडले की वाळवंटी नदीची पातळी वाढते. आभाळ निरभ्र असूनही. पंचायतीत किंवा जलस्रोत खात्यात विचारले तर सांगतात.

पोहण्याबद्दल स्पष्टच बोलतो. नदीतल्या खोल डोहाला आमच्याकडे कोंड म्हणतात, आणि प्रत्येक गावाला आपला कोंड कसा आहे ते ठाऊक असते. वरून शांत, आत खडकाला कपार, तळाला अडकलेले लाकूड. गोव्यात दर पावसाळ्यात धबधब्यांवर माणसे बुडतात. २०२३च्या जुलैत अशाच घटनांनंतर वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली होती. हिवाळ्यात, गावकऱ्याने दाखवलेल्या ठिकाणी, कंबरेपर्यंतच्या पाण्यात डुंबा. उडी कुठेही मारायची नाही. नदीच्या खालच्या टप्प्यांत, जिथे भरतीचे पाणी येते तिथे, मगरीही असू शकतात. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरी तर लोक होडीतून बघायला जातात. तेव्हा विचारल्याशिवाय पाण्यात पाय नको.

झाडाखाली बसताना वर बघा

जुन्या रानात धोका पायाखाली असतो तेवढाच डोक्यावरही. म्हातारे झाड वाऱ्याशिवायही फांदी टाकते. वाळकी, साल निघालेली फांदी वर दिसली तर त्या झाडाखाली तंबू नाही, झोळी नाही, जेवायलाही बसायचे नाही. तसेच उंच बेहड्यावर किंवा सावरीवर आग्या मोहोळ लोंबत असते. खाली धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा झाला की माश्या उठतात. उठल्याच तर तोंड झाकून पळायचे आणि बंद गाडी किंवा खोली गाठायची. पाण्यात बुडी मारून बसायचा सल्ला सिनेमातला आहे. माश्या वर घिरट्या घालत राहतात.

झोळी बांधायची असेल तर रुंद पट्टे वापरा. बारीक दोरी सालीत रुतते. खिळा ठोकायचा विचारही नको.

सामान

यादी जितकी लांब तितका माणूस नवखा. तरी काही वस्तूंवर तडजोड नको.

डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाला एक, मुलालाही. हातातली बॅटरी नेमकी हात रिकामे हवे असतात तेव्हाच त्रास देते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत त्याच्या आधीच अंधारते. पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे कपडे, म्हणजे अंगावर काही चढले तर दिसेल. पायमोजे दोन जोड जास्त. चपला खोलीजवळ ठीक, रानात घोट्यापर्यंतचे बूट. मच्छरदाणी, पातळ रजई, खाली अंथरायला मेणकापड. माणशी दिवसाला तीन-चार लिटर पाणी किंवा उकळायची सोय. ओहोळाचे पाणी दिसायला कितीही स्वच्छ असले तरी वरच्या अंगाला गुरे चरत असतात. दोरी, शिट्टी, प्रथमोपचार, बारीक चिमटा. चिमट्याचे काम पुढे येईल.

तंबू घ्यायचाच तर दुहेरी कापडाचा घ्या. एकेरी कापडाच्या तंबूत आपलाच श्वास पाणी होऊन पहाटे तोंडावर ठिबकतो. भाड्याने मिळत असेल तर पहिल्यांदा भाड्यानेच घ्या.

घरी ठेवायच्या गोष्टी: कोयता (अभयारण्यात हत्यार नेणे कायद्याने गुन्हा आहे आणि लाकूड तोडायचेच नाही, मग तो कशाला), स्पीकर, ड्रोन, काचेच्या बाटल्या आणि हौशी कुत्रा.

खाणे

शेकोटी हे या सहलीचे स्वप्न असते, हे मला ठाऊक आहे. अभयारण्यात ते पूर्ण होणार नाही. आग लावणे हा तिथे गुन्हा आहे. कुळागरात मालक परवानगी देत असेल तर त्याच्याच चुलीजवळ बसा, ती शेकोटीपेक्षा चांगली. उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक करणाऱ्या आणि बाटल्या फोडून जाणाऱ्या पर्यटकांमुळे पर्यटन खात्याने २०२२च्या अखेरीस आदेश काढला, त्यात ५,००० ते ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. दंड बाजूला ठेवा, वाळक्या पाचोळ्यात एक ठिणगी किती दूर जाते हे मार्च २०२३ ने दाखवले आहे.

त्यामुळे शिजवलेले किंवा न शिजवता खाण्याजोगे न्या. चावडीत सकाळी भाजी-पाव खाऊन निघायचे. दुपारसाठी पोई, सुकी बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी. रात्रीचे जेवण होमस्टेत: उकडे तांदूळ, हुमण, किसमूर, सोलकढी. शाकाहारी असाल तर आधी सांगा, खतखते मिळाले तर नशीब. सोबत शेंगदाण्याचे लाडू, केळी, चणे. सुंगटांचे लोणचे वगैरे तीव्र वासाचे पदार्थ तंबूत ठेवायचे नाहीत. माकडे दिवसा येतात, रानडुक्कर आणि उदमांजर रात्री. खाणे गाडीत बंद ठेवा.

गोचीड, साप आणि गवा

लोक वाघ-बिबट्याला घाबरतात. घाबरायचे असेल तर गोचिडीला घाबरा.

माकडतापाचा विषाणू १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. गोव्यात २०१५ पासून सत्तरीत त्याचे रुग्ण सापडले आणि माणसे दगावलीही. तो पसरतो गोचिडीमुळे. चावणारे पिल्लू तिळाएवढे असते, चावल्याचे कळतही नाही. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या सहलीचा. त्यामुळे घाबरून घरी बसायचे नाही, पण शिस्त पाळायची. सत्तरीत जाण्याआधी वाळपईच्या आरोग्य केंद्रात विचारा की सध्या कुठल्या गावांत रुग्ण आहेत. तिथले रान टाळा. उघड्या अंगाला डासांसाठीचे चांगले मलम किंवा आरोग्य खाते वाटते ते डेपा तेल लावा. पँटचे टोक मोज्यात खोचा. दिसायला गबाळे दिसते, दिसू द्या. पाचोळ्यावर थेट बसू नका, मेणकापड अंथरा. गुरांच्या वाटेवर तर मुळीच नको. मेलेले माकड दिसले तर हात न लावता, जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. माकडे मरू लागणे हीच तिथे पहिली सूचना असते.

गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. चिरडायची नाही, त्यावर रॉकेल, चुना, पेटती काडी काही नाही.

सापांचे थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवरचे प्रतिविष सरकारी दवाखान्यांत असते. ओलसर रानात आणि ओहोळाच्या कडेने चापडाही भेटतो, हिरवा किंवा तपकिरी, फांदीवर तासन्‌तास न हलता बसलेला. आपले प्रतिविष त्याच्यावर बनवलेले नाही. म्हणून फांदीला हात लावण्याआधी बघा, रात्री बॅटरीशिवाय एक पाऊल नाही आणि सकाळी बूट झटकून घाला. चावलाच तर तो अवयव हलू देऊ नका, घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, १०८ ला फोन करा आणि गाडीने काणकोणच्या आरोग्य केंद्राकडे निघा. गरज पडली तर ते मडगावला किंवा बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवतात. सापाचा फोटो काढायला कुणी मागे थांबायचे नाही.

गवा गोव्याचा राज्यप्राणी. कळप बहुधा तुम्हाला बघून स्वतःच वळतो. एकटा नर मात्र मनमौजी. तो अंग आडवे करून मोठा दिसायचा प्रयत्न करू लागला, फुसफुसला, की थांबायचे, नजर न लावता हळूहळू मागे सरायचे आणि मध्ये जाड झाड ठेवायचे. अस्वल पहाटेच्या वाटेवर अचानक समोर येते, म्हणून पहाटे चालताना हळू आवाजात बोलत चाला. मौन मनोऱ्यावर पाळा.

दोन दिवस कसे लावायचे

पहिल्या दिवशी मडगावहून सकाळी सातला निघा. करमल घाट उतरून चावडीला साधारण तासाभरात पोहोचता. तिथे पेट्रोल, नाश्ता, रोख पैसे आणि घरी फोन: कुठे असणार, कुणाकडे, उद्या किती वाजता परत फोन येईल. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर कुणाला कळवायचे हेही सांगून ठेवा. रेल्वेने येणाऱ्यांना काणकोण स्थानक आहे, पण पुढे आत जाणाऱ्या बसगाड्या मोजक्याच, म्हणून रिक्षा किंवा गाडी आधी ठरवा.

चावडीहून कारवारच्या दिशेने साधारण दहा किलोमीटरवर अभयारण्याचे प्रवेशद्वार. तिकीट काढा, परिचय केंद्र अर्धा तास नीट बघा. मुलांना तिथले पावलांचे ठसे आवर्जून दाखवा, ते पुढे नदीकाठी कामी येतात. दुपारी छोटी पायवाट, वनरक्षक किंवा गावातला माणूस सोबत घेऊन. त्याचे पैसे आधी ठरवा आणि घासाघीस करू नका. चारनंतर मनोरा. तिथे तासभर गप्प बसणे हाच कार्यक्रम. शेकरूची टकटक, धनेशाच्या पंखांचा वाऱ्यासारखा आवाज, एवढे मिळाले तरी भरून पावले. गवा दिसेलच असे नाही. दिवस मावळायच्या आत मुक्कामी.

दुसऱ्या दिवशी पहाट नदीची. साडेसहाला काठावर जा, वाळूवरचे ठसे ऊन चढायच्या आत वाचा, फोटो काढा. नऊनंतर पाण्यात डुंबायचे ते डुंबा. अकराला आवराआवर, बाराला निघायचे. दुपारी उन्हात आणखी एक धबधबा ‘उरकून घेऊ’ हा मोह टाळा. दमलेला माणूसच घसरतो.

शौचासाठी सोय नसेल तिथे पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा, वर माती. कागद, ओले रुमाल, मुलांचे डायपर सगळे पिशवीत भरून परत. साबण नैसर्गिक असला तरी नदीत नको, बादलीत पाणी घेऊन बाजूला धुवा.

गाव आणि देवराय

रानातल्या वाड्यांवर वेळीप, कुणबी, धनगर-गवळी यांची घरे आहेत. अंगणातून वाट जात असली तरी हाक मारून, विचारून जा. ‘काका, हांगासून वचूं?’ (इथून जाऊ का?) एवढ्या कोकणीने चेहरा खुलतो. घरांचे, बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

वाटेत देवराय लागली तर तो मुक्कामाचा तळ नव्हे. सत्तरीत केरीची आजोबाची राय किंवा बांबरची निरंकाराची राय अशा जागा आज एवढ्या घनदाट आहेत त्या देवाच्या धाकामुळेच. वाळकी काडीही न उचलण्याचा नेम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. निरंकाराच्या रायीत जायफळाच्या कुळातली रानटी झाडे दलदलीत उभी आहेत आणि त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर आलेली दिसतात. त्या मुळांवर पाय देऊन फोटो काढणारे महाभाग असतात. तुम्ही कडेने बघा. आत जायचे का, चपला कुठे काढायच्या, हे गावचा माणूस सांगेल तसे.

परत आल्यावर

घरात शिरण्याआधी कपडे काढून थेट गरम पाण्यात टाका. गरम पाण्याने आंघोळ, अंग खसाखसा घासून. काखा, कंबर, गुडघ्याची मागची बाजू, कानामागे, मुलांच्या केसांत गोचीड शोधा. तंबू उन्हात उलटा करून वाळवा, ओला गुंडाळला तर पुढच्या वर्षी बुरशीचा वास येतो.

फोटो टाकताना राहण्याच्या घराचे नाव खुशाल सांगा, त्यांना चार पाहुणे जास्त मिळतील. कोंडाचा आणि रानातल्या आतल्या वाटेचा नकाशातला नेमका ठिपका मात्र टाकू नका.

आणि पुढचे दहा दिवस अंगावर लक्ष ठेवा. गोचीड चावल्यावर माकडतापाची लक्षणे बहुधा तीन ते आठ दिवसांत दिसतात: एकदम चढलेला ताप, डोके आणि अंग जबर दुखणे. अशा वेळी घरातली क्रोसिन घेऊन थांबू नका. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा, की अमुक तारखेला अमुक गावच्या रानात गेलो होतो.